दाबून बघा

सेलू. पाथरी रोडला, वजनकाट्याच्या अलीकडं
वाजेद मिस्त्रीचा पत्रा.
पत्र्याखाली माझी एकोणीस वर्षांची गाडी
जबडा उघडून उभी
आणि आम्ही दोघं ती निवायची वाट बघत.

मे महिना. इथं काय निवतंय?
तरी तो म्हणतो, बसा. टोपण आत्ता फिरवलं
तर उकळतं पाणी थेट तोंडावर.
मागच्या साली एक पोरगं... थांबतो.
चहा सांगतो. स्वतःला बिनसाखरेचा.

काल वालूरच्या रस्त्यावर काटा वर चढला.
डिकीत नायट्रोजनचं भांडं, रेतमात्रा,
तिकडं गोठ्यात माजावर आलेली लाल कंधारी
आणि मी बाभळीखाली, बॉनेटची वाफ बघत.
तिचा माज गेला. आता एकवीस दिवस.

इंजिन निवल्यावर तो दाखवतो:
हा वरचा होज, हा खालचा, हा बारका बायपासचा.
"दाबून बघा, बाई."
मिस्त्री तुम्ही का मी?
तो बोटं पुढं करतो. दहाही काळी,
नखांत तीस वर्षांचं ग्रीस.
"साखरेनं खाल्ली. पाना धरतात, पण खबर देत नाहीत.
दोन वरसं झाले. गिऱ्हाइकाला सांगत नसतो.
तुमचं काम हाताचंच, म्हणून."

खरंय. खांद्यापर्यंत हात घालून
म्हशीच्या आत मी अंधार चाचपते:
तीन महिन्यांचा गाभ,
एका बाजूला जड, पाण्यानं भरलेला.
डोळे मिटले तरच नीट दिसतो.

तशीच मिटते.
वरचा होज मध्यावर बरा, दाबला की उठतो,
क्लिपजवळ मात्र मऊ.
"कसा मऊ?"
उतरलेल्या पेरूसारखा.
"मग आतून गेला. बायपास?"
कडक. वाकवला की कुरकुरतो,
तव्यावर विसरलेल्या भाकरीचा पापुद्रा.
"खालचा?"
चिकट. वरून तेल गळतंय त्याच्यावर.
आणि आत काहीतरी गोल गोल, बरगड्यांसारखं.
"स्प्रिंग ती. पाणी ओढताना नळी चिपकू नये म्हणून.
बरगड्या म्हणा, चालतंय."
तिन्ही बदलायचे ठरतं.

खालचा कॉक सोडला. घमेल्यात
हिरवं कमी, गंजाचं जास्त.
घमेलं मी उचलून फळीवर ठेवते.
गोड असतं ते, कुत्री पितात,
दोन माझ्या टेबलावर मेली.

क्लिपा गंजलेल्या. होज नळीला धरून बसलेला.
"ओढू नका. रेडिएटरची मान प्लास्टिकची, मोडती."
ब्लेडनं तो उभा चिरतो, नजरेच्या भरवशावर,
पात्याचं टोक मानेपासून केसभर लांब.
चिरलेल्या रबराच्या आत
भेगा, तळपायाला पडतात तशा.
बघतो, बोलत नाही. खिळ्याला अडकवून ठेवतो.

नवा होज साबणाचं पाणी लावून सरकवायचा.
हे मला येतं, मी म्हणते, आणि त्याला
हसू आवरत नाही, पाना हातातून पडतो,
पडल्याचं आवाजानं कळतं.
क्लिप कडीच्या मागं. फार आवळायची नाही,
रबर कापतं. "कळंल तुम्हाला. कळलं की थांबा."
कळतं. थांबते.

मग पाणी, कूलंट, टोपण उघडंच ठेवून इंजिन चालू
आणि आत हीटर फुल्ल, मे महिन्यात!
रसवंतीवाला येऊन बघून जातो.
बुडबुडे येतात, येतात, कमी होतात.

"वरच्यात गरम आलं का?" विचारतो
आणि सवयीनं स्वतःच पंजा ठेवतो त्याच्यावर,
ठेवूनच राहतो.
भाजंल, वाजेदभाई.
"भाजलेलं संध्याकाळी दिसतं. बायको दाखवती."

मी त्याचं मनगट धरते, हात बाजूला करते.
मनगटाला अजून कळतं,
तो चमकून माझ्याकडं बघतो तेव्हा समजतं.

पंखा लागला. टोपण लावलं.
मजुरी त्यानं निम्मीच सांगितली.
उरलेली निम्मी तुमची, म्हणाला,
आणि बिलावर तसं लिहिलंही.