खोटा काठ

अर्जाच्या सहाव्या रकान्यात छापलं होतं: जहाजाचे नाव.
सुपडू दगा भोई म्हणाले,
"त्याले नाव नव्हतं. लंबर व्हता."
आणि लंबरही पुरता नाही, शेवटचे दोनच आकडे, सात आणि चार.
पुढचे मिठाने खाल्ले की वयाने,
त्यांना सांगता येईना.

जळगावचं सैनिक कल्याणचं ऑफिस. मे महिना.
पंखा फक्त फायलींची पानं उलटायला.
मी नुकताच चिकटलेला क्लार्क, समुद्र न पाहिलेला,
समोर हा माणूस,
युरियाच्या पिशवीत जपलेले लढाईचे कागद.

मी विचारलं, काय करायचं ते जहाज?
म्हणाले, "रुतायचं."

बाकीची जहाजं काठाला भितात.
हे बुडाशी सपाट, आपल्या तापीतल्या नावेसारखं.
मुद्दाम वाळूत शिरायचं, तोंड उघडायचं,
आणि पोटातून गाडे निघायचे.
इथे बैलगाडे, तिथे रणगाडे.
"तेवढाच फरक," ते म्हणाले,
मग थोड्या वेळाने, "आनि बैल बुजतात."

चितगावहून खाली, ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याने,
जाताना लोखंड, येताना माणसं.
ज्या पत्र्यावर साखळ्यांचे ओरखडे
त्याच पत्र्यावर झोळ्या मांडलेल्या.
एकदा नुसती खेचरं. एकदा तीन दिवस नुसती साखर,
आणि मुंग्या कुठून आल्या भर समुद्रात
हे त्यांना अजून कळलेलं नाही.

त्यांचं काम मागच्या नांगरावर.
काठाकडे निघालं की नांगर मागे सोडायचा,
परतताना त्यालाच धरून स्वतःला ओढून काढायचं.
"आपला नांगर जमीन उघडस,
तो आमले जमिनीतून सोडवे."

त्या पहाटे अंधार पातळ होत होता.
पाणी बारीक सुसकारत होतं.
दूर पाण्याच्या मधोमध
एक बगळा गुडघाभर पाण्यात उभा.
तापीवर जन्म गेलेल्याला आणखी काय लागतं?
"हाऊ काठ खोटा शे.
पुढे वाळूची पाठ, तिच्यामागे खोल पानी."

बोललात का कुणाला?
"कोन इचारस माले?"

जहाज रुतलं. बेल झाली. दार पडलं.
पहिला गाडा उतरला, दहा हात वाळूवर चालला,
आणि मग नुसते बुडबुडे.
आत झेलमचा फजलदाद होता.
आदल्या रात्री त्याने सुपडूंना गुळाचा खडा दिला होता,
म्हणाला होता, नदी आहे आमच्या गावाला,
पण मी पुलावरूनच पाहिलीय.

मी रकाने पाहिले.
जखमा: नाही. पदके: नाही.
अभिप्रायासाठी दीड ओळ जागा.

परतल्यावर एकोणतीस वर्षं त्यांनी नाव चालवली, पूल होईपर्यंत.
तळ हाताच्या रेषांसारखा पाठ,
तरी दर खेपेला बांबू टाकून टाकून पुढे.
बाजार उठून जाई, लोक शिव्या देत,
त्यांना खात्रीभोई म्हणत.
त्या नावेला मात्र नाव होतं. मनुदेवी.

अर्ज दोनदा परत आला:
जहाजाचे नाव नमूद नाही, सबब.
तिसऱ्या वेळी मी सहाव्या रकान्यात
स्वच्छ अक्षरात लिहिलं: मनुदेवी.

मंजूर झालं.

ते आले, भरिताची चार वांगी टेबलावर ठेवली,
अंगठा उठवला, शाई धोतराला पुसली.
मग विचारलं, काय लिहिलं शेवटी?
मी सांगितलं, जरा हसूनच.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
पिशवीची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"तिले कसाले धाडी तठे?"