हीटर

बटनविलोत सकाळी दहालाच डांबराला वास सुटलेला.
इकडे कापूस, तिकडे बदामाच्या रांगा,
आणि मधे हा ट्रॅक, कुणी भांडणात काढून फेकलेल्या
कमरेच्या पट्ट्यासारखा पडलेला.

माझी गाडी पिवळी. साडेसहाशे घोडे, असं विकणारा म्हणाला होता.
एवढ्या घोड्यांना पाणी किती लागतं
हे मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

पहिल्या फेरीत दोनशे दहा.
दुसऱ्या फेरीत दोनशे सव्वीस.
तिसरीत मी काट्याकडे बघायचंच सोडलं,
वळणं इतकी गोड लागत होती.

चौथ्या फेरीत, उंचवटा उतरताना,
गाडीनं माझं ऐकणं बंद केलं.
मोडली नाही, धूर नाही, आवाज नाही.
आतल्या संगणकानं परस्पर ठरवलं, बाई, आता पुरे.
पाय तळाला टेकलेला
आणि आम्ही चाललोय वरातीच्या चालीनं.
मागून एक जुनी जपानी गाडी आली, टपाचे पोपडे निघालेली,
माझ्या चार टायरांच्या किमतीत अख्खी मिळेल अशी.
तिच्यातल्या पोरानं हात दाखवला, पुढे गेला.

कानात एवारिस्तोचा आवाज:
हीटर लाव.
काय?
हीटर. पूर्ण. पंखा शेवटच्या आकड्यावर.
अरे, बाहेर एकशे नऊ आहे!
माहितेय. लाव.

डोक्यावर हेल्मेट, अंगात तीन पदरी सूट, हातमोजे,
आणि पायांवर ती झळ.
आधी घोट्यांना, मग नडग्यांना, मग सूटच्या आत कुठे कुठे.
तापल्या पोराला रात्रभर कुशीत धरावं
आणि पहाटे आपलंच अंग फणफणावं, तसं.
डोळ्यांत घाम. पुढचं काही धड दिसेना.
पण काटा हलला. एक रेघ.
पिटच्या वळणापर्यंत दुसरी.

मी घाईनं इंजिन बंद करायला गेले
तर तो पिटच्या भिंतीवरून उडी मारून आला: नको, नको!
बंद केलंस की पंप थांबतो.
पाणी जिथल्या तिथे उकळतं.
पळताना तापते तेवढी तापू दे,
खरी तापते ती थांबल्यावर.

मग बॉनेट वर, ओलं फडकं,
आणि झाकणावर निळी टेप, तिच्यावर त्याच्या हातचं
‘हात लावू नका’.
किती वेळ? तिला विचार, म्हणाला.
आणि हीटर म्हणजे वेगळं काही नसतं गं,
रेडिएटरच तो, छोटा.
फक्त तोंड आत वळवलेलं.

मी टायरावर बसले. बाटलीतलं पाणीसुद्धा कोमट.
यशोधन एकतीस वर्षं रिफायनरीत.
मागच्या शुक्रवारी त्यांनी केक कापला,
त्याचं नाव चुकीचं लिहिलेला.
सोमवारपासून तो घरात.
मंगळवारी डिशवॉशरमधल्या चमच्यांवरून आवाज चढला,
तोंडं वर की खाली.
बुधवारी शेजाऱ्यांच्या कुत्र्यावरून. काल कशावरूनच नाही.
आणि मी आज पहाटे पाच वाजता
चाव्या उचलल्या, दार हळू ओढून घेतलं.
स्वतःला म्हटलं, शांत होईल आपोआप.

फोन सहा वेळा वाजला.
गाडी कशीय? त्यानं विचारलं.
तापली.
हं.
मग बराच वेळ नुसता श्वास.
तुझे ते चमचे, मी म्हटलं, सांग ना,
वर का खाली?

तो सांगू लागला. चमच्यांवरून पाइपलाइनवर,
पाइपलाइनवरून शिफ्टवर,
नाव न विचारता केक आणणाऱ्या त्या पोरापर्यंत.
मी मधे बोलले नाही.
समोर बॉनेटखाली पंखा फिरत होता, घोंघावत,
झाकणाला कुणी हात लावला नव्हता,
आणि माझ्या नडग्या अजून भाजत होत्या.