हातचा एक

रावपुऱ्यात, चष्म्याच्या दुकानात
दिवसभर मी एकच विचारते:
हे बरं, की आधीचं?
आ सारुं, के पेलुं?
काच बदलते. परत विचारते.
गिऱ्हाईक हनुवटी टेकवून बसलेलं,
आणि माझा आवाज
माझ्यापासून हातभर लांब,
शेजारच्या दुकानातला रेडिओ असावा तसा.

सुरुवात कधी झाली सांगता येत नाही.
दांडिया बाजारच्या सिग्नलला थांबले होते.
हँडलवरचे हात
कुणीतरी विसरून गेलेले हातमोजे वाटले.
सिग्नल सुटला.
हातमोज्यांनी ॲक्सिलरेटर पिळला.
शर्मिष्ठा दिघे नावाच्या बाईच्या मागे बसून
मी घरापर्यंत गेले.

दुखत काही नाही, हीच सांगायची पंचाईत.
ताप नाही. रडू नाही.
नुसता पिंजलेला कापूस
माझ्या आणि सगळ्याच्या मध्ये.
आईने पाठीवरून हात फिरवला
ते पाठीला कळलं.
मला पाठीकडून कळलं.

उन्मेष, मावसभाऊ, म्हणाला,
स्वप्नात जागं व्हायला शीक.
दिवसातून दहादा बोटं मोज,
दहादा विचार, हे स्वप्न तर नाही?
सवय लागली की झोपेतही मोजशील.
तिथे हिशेब चुकतो.
चुकला की समज,
आणि मग तू म्हणशील तसं.

मोजली.
बिलबुकावर, आमटीच्या वाफेत,
सूरसागरच्या कठड्यावर, दक्षाबेन चहा ओतताना
टेबलाखाली, चोरून.
पाच.
पाच.
पाच, पण कुणाची?

हे मला कुणी सांगितलं नव्हतं:
जिला दिवसच खरा वाटत नाही
तिने दिवसाला दहादा विचारू नये,
खरा आहेस ना?
तोही मग बावरतो,
कागद शोधायला लागतो.

एकविसाव्या रात्री मात्र जमलं.
विश्वामित्रीचा पूल. खाली चिखलात मगरी,
मुलं खेळायला गेल्यावर पडून राहिलेल्या
दप्तरांसारख्या.
मी मोजली:
पाच,
आणि हातचा एक.
करंगळीच्या शेजारी, नखासकट, अगदी साजरा.

स्वप्न आहे, मी म्हणाले,
आणि आवाज माझ्याच घशातून आला.
गुडघे माझे.
पायाखालचं डांबर तापलेलं, चटका माझा.
उडता आलं असतं. उन्मेष उडतो म्हणे,
मांडवीच्या घड्याळावरून.
मी चपला काढल्या
आणि तिथेच उभी राहिले,
भाजतंय, भाजतंय, म्हणत,
रेशनच्या रांगेत कधीचं
आपलं नाव पुकारलं गेल्यासारखी.

जाग आली. पंखा. पाच.
कापूस जागच्या जागी.

त्या सकाळी ढसाढसा रडले
असं लिहायला आवडलं असतं.
डबा भरला, दुकान उघडलं.
पुढचे आठ दिवस नऊ वाजताच झोपायचे,
माहेरी जायची घाई असावी तशी,
आणि दिवस आणखीच पातळ होत गेला,
दुसऱ्या पाण्याचा चहा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोजणं थांबवा.
झोप झोपेसाठी घ्या.
ह्याला नाव आहे, त्यांनी ते लिहूनही दिलं.
चिठ्ठी पर्समध्ये आहे,
मेंदीच्या कोनाशेजारी.
बरं होईन का, विचारलं तर
पेन बंद करून म्हणाल्या, बहुतेक.
बहुतेक हा शब्द मला आवडला.
त्याला खाली जमीन होती.

पुलावर अजून कधी जाते, न बोलावता.
बोटं बघत नाही.
भाजणारी बाई तिथे आहे, कामावर आहे,
एवढं लांबून बघून येते.

काल नटुभाई आले, मोतीबिंदू काढलेले.
हे बरं, की आधीचं?
बराच वेळ गप्प. मग,
बेउ सरखां छे, बेन. चालशे.
मी हसले.
ती पण हसली, किंचित उशिरा.
फ्रेम त्यांच्या कानामागे बसवताना
गार काडी बोटांना लागली.
किती बोटांना
ते राहू दिलं.