बारी

सकाळचे पावणेसहा. कर्णिककाकांचं आत्मचरित्र,
पान एकशे बारा ते एकशे चाळीस,
पानामागे पंचेचाळीस रुपये.
प्रतापनगरच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं
त्यांनी नॅरोगेजची चाकं तासली,
आता मी त्यांची वाक्यं तासते.
पहिल्या वेलांटीची दुसरी करते,
'अने' तिथे 'आणि' घालते,
तीन ओळींत चार वेळा आलेलं 'प्रामाणिकपणे'
एकदाच ठेवते.

माझी कादंबरी याच लॅपटॉपमध्ये आहे,
'वीजबिल' नावाच्या फोल्डरात,
म्हणजे घरात कुणी उघडत नाही.
तिच्यातली शशिकला दसऱ्यापासून
खंडेराव मार्केटच्या पायरीवर उभी आहे,
एक पाय वर, एक खाली, हातात मेथीची जुडी.
भावाला ती काय बोलणार, ते मी सांगायचं आहे.
मी म्हणते, थांब गं, एवढा प्रबंध संपू दे.
मग कापडगिरणीची माहितीपत्रिका,
मग कुणाच्या मुंजीची तीन भाषांतली पत्रिका,
ज्यात बटूचं नाव तीन प्रकारे लिहिलंय.
शशिकला काही म्हणत नाही.
मेथी मात्र सुकत चालली आहे.

तिची पहिली बारा प्रकरणं चार वेळा पुण्याला गेली.
रावपुऱ्याच्या पोस्टातले परमारभाई
आता वजन न करताच तिकिटं काढतात.
एकदा विचारलं त्यांनी, बेन, अंदर शुं छे?
म्हटलं, कागळ.
एवढा मोटा कागळ? कोने?
ते मलाही नक्की माहीत नव्हतं.

तीन ठिकाणांहून काहीच नाही.
चौथ्या ठिकाणाहून काल पत्र आलं, चांगल्या जाड कागदावर:
कथानक आवडले. भाषेत मात्र प्रादेशिक अशुद्धी.
उदाहरणार्थ 'बारी'. आपणांस 'खिडकी' म्हणायचे असावे.
बारी म्हणजे रांग.
दुरुस्त करून पाठवल्यास पुढील वर्षी विचार करू.

रांग म्हणजे काय, हे मला सांगताय?

आमच्या दांडिया बाजारच्या घरात खिडकी नव्हतीच.
बारी होती. बारी लाव, मच्छर येतात.
बारीतून डोकं काढू नकोस.
पुराच्या वर्षी गल्लीत मगर आली,
ती आम्ही तिघी बहिणींनी बारीतून पाहिली.
खिडकीतून पाहिली असती
तर आमचा आम्हालाच विश्वास बसला नसता.

रात्री तरीही शोधून पाहिलं:
बारा प्रकरणांत बारी एकेचाळीस वेळा.
एक बटण दाबलं की एकेचाळीस खिडक्या.
बोट बटणावर ठेवून
चहा गार होईपर्यंत बसले
आणि दाबलं नाही. धाडस वगैरे काही नव्हतं,
काकांची अठ्ठावीस पानं सकाळी द्यायची होती.

तर आता पान एकशे एकतीस.
'मंदा गेली त्या रात्री मी खिडकीशी बसून होतो.
यार्डातून इंजिनाचा आवाज येत होता.'

खिडकीशी. लाल अक्षरांत.
खाली, खोडलेलं, बारीक: बारीशी.
बाजूला तारीख, दहा दिवसांपूर्वीची,
आणि दुरुस्ती करणाराचं नाव, माझं.

कुठे बसले होते काका त्या रात्री,
ते त्यांना माहीत होतं.
मी त्यांना उठवून
पुण्यातल्या कुठल्याशा खिडकीशी नेऊन बसवलं,
पंचेचाळीस रुपयांत.

लाल पुसलं. मग मागे जाऊन
आणखी पुसत गेले. सगळं नाही.
वेलांट्या तशाच ठेवल्या,
त्या चुकल्याच होत्या.
पण 'मच्छर' परत आले, 'कागळ' परत आला,
एका ठिकाणी 'अने'सुद्धा,
जिथे त्यांचा आवाज चढला होता.

साडेसातला त्यांचा फोन.
बेटा, केटली चुका निघाल्या?
म्हटलं, काका, या वेळी जरा कमी.
ते गप्प झाले. मग हळूच म्हणाले,
म्हणजे तुझे पैसे कापायचे नाहीत हं त्यासाठी.

बाहेर दूधवाल्याची सायकल थांबली.
'वीजबिल' उघडलं, आणि खरं वीजबिलही,
दोन्ही शेजारी शेजारी.
मुदत एकाचीच छापलेली आहे.
शशिकलाने मेथी दुसऱ्या हातात घेतली.