एकशे पंचवीस ते दीडशे

वडगावच्या कोपर्डे शेडात सात नंबरचा माग
रोज दुपारी अडीचच्या सुमाराला गप्प व्हायचा.
धागा तुटलेला नाही, लाइट गेलेली नाही,
बोर्डावरचा हिरवा दिवा तेवढा मिटलेला.
पंधरा मिनिटांनी आपोआप उजळायचा
आणि माग असा खडखडायला लागायचा
की मध्ये काही घडलंच नव्हतं.

शेडमालक म्हणाले, लगमव्वाचं काम आहे हे.
जेवण झालं की पाठ टेकायला हवी तिला,
कुठं बोट लावते कोण जाणे.
अकरा दुपारी डायरीत लिहून ठेवल्या होत्या त्यांनी,
लाल शाईनं, पगारातून वळत्या करायला.

मी बोर्ड काढला, मीटर लावला.
सकाळी साडेनऊला सगळं ठीक.
ठीकच असणार. सकाळी कोण बिघडतं?
तीन पायांचा काळा किडा, पाठीला पत्र्याची चकती.
चौदा व्होल्ट घ्यायचे, पाच द्यायचे,
मधले नऊ अंगात जिरवायचे.
जिरवलेलं कुठं जातं
हे विकणारा सांगत नाही.

कॅम्पातले इनास मास्तर म्हणायचे,
डेटाशीटचं पहिलं पान म्हणजे दुकानाची पाटी.
'एक अँपिअर' ठळक असेल, भुलू नको.
चौथ्या पानावर जा, तळाला, जिथं चांदणी काढलेली असते.
आणि हसायचे : तुला काय शिकवायचं,
पाटीवरची बारीक अक्षरं शोधून वाचण्यात
हयात गेली तुम्हा लोकांची.

चौथं पान.
दोन तक्ते, एकाखाली एक, जुळ्या भावांसारखे.
पॉलिटेक्निकात असताना मी दोन्ही एकच समजायचो.
वरच्यात दीडशे अंश. म्हणजे इथवर मरणार नाही.
मरणार नाही, एवढंच.
काम करेल, पाचाचे पाच देईल,
असं त्यात कुठं म्हटलेलं नाही.
खालच्यात एकशे पंचवीस. तो दिलेला शब्द.
मधला पंचवीस अंशांचा पट्टा
कुणाच्याच सहीचा नाही.
असे पट्टे असतात, तिथं माणसं राहतातही,
पण ते राहू द्या.

बिलाच्या पाठीवर आकडे मांडले.
नऊ व्होल्ट, दोनशे मिली : एक पूर्णांक आठ वॉट.
वॉटमागं पासष्ट अंश, उघड्या अंगाला.
एकशे सतरा.
त्यात शेडातली हवा मिळवायची.
सकाळची चोवीस : एकशे एक्केचाळीस.
म्हणजे सकाळीही तो शब्दाबाहेरच होता,
नुसता बोलत नव्हता.
एप्रिलातली, अडीचची, पत्र्याखालची, एक्केचाळीस :
एकशे अठ्ठावन्न.
मी पेन खाली ठेवलं.
इथं तो स्वतःच स्वतःला बंद करतो, आत तशी सोयच आहे.
गार होतो, उठतो, परत लागतो कामाला.

लगमव्वाला हे कन्नडात सांगायला गेलो
आणि वॉटपाशी अडलो.
ती म्हणाली, मराठीतच सांग गा,
तसं बी कुठं कळणार हाय.

मग फासळ्यांचा अॅल्युमिनियमचा तुकडा,
बोटभर पांढरी पेस्ट, एक स्क्रू.
अडीच वाजले. पावणेतीन. माग चालू.
तिनं फासळीला बोट लावलं, झटक्यात मागं घेतलं.
'सुडतैती,' म्हणाली.
भाजतंय, होय. आता बाहेर भाजतंय, म्हटलं,
इतके दिवस आत भाजत होतं.
पदरात बोट धरून ती
वरच्या पत्र्याकडं बघत राहिली थोडा वेळ.

मालकांनी बिल विचारलं. एकशे चाळीस, म्हटलं,
आणि कागद उलटा करून, आकड्यांची बाजू वर ठेवून दिला.
त्यांनी तो वाचला. निदान डोळे तरी फिरवले.
डायरी गल्ल्यातच होती.
गल्ला उघडला, नोटा काढल्या,
आणि बंद केला.