वीस मिनिटं

शेडमध्ये मार्चची थंडी आत येऊन बसलीय.
ब्यूटच्या टेकडीवर खाणीचे बंद मनोरे लाल दिवे लावून जागे,
आणि मी अठ्ठ्याहत्तर सालच्या पिकअपच्या तोंडात, कोपरापर्यंत.
बाबा बॅटरी धरून उभे.
उजेड मला हवा तिथे नाही,
त्यांना बघायचंय तिथे.

लहानपणी हे काम माझं होतं.
"हलवू नकोस, मिलेना."
आता मी काही म्हणत नाही.

रेडिएटर दाराशी टेकवून ठेवलाय, जाळी बर्फात.
कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याला सोळा भोकं पाडली,
प्रत्येकात एक पुशरॉड, खाली खिळ्याने कोरलेला आकडा.
जो जिथला, तो तिथेच परत जायचा.
लिफ्टर मात्र सगळे भंगारात.
चिकटलेले दोन निघेनात;
चुंबक, पक्कड, मग बाबांची सर्बियन शिवी,
आणि तिला ते निघाले.

पुढची जड पुली हातोड्याने काढायची नसते.
पुलर लागतो. आमच्याकडे नाही.
मी तो मागच्या कुंपणावरून आणलाय,
टोइव्होच्या बायकोकडून, हळूच.
मुठीवर ठोकलेली अक्षरं: टी. एल.
बाबांनी ती वाचली.
उजेड क्षणभर छताकडे गेला,
मग परत आला, जिथे हवा होता तिथे.
अकरा वर्षं झाली.
सफरचंदाच्या एका फांदीवरून.

साखळी उतरवली.
कॅमशाफ्टच्या टोकात वीतभर लांब बोल्ट आटला, मूठ म्हणून.
आत बेअरिंगची पाच कडी, इतकी मऊ
की नखानेही ओरखडा उठावा.
तान्ह्याचा हात झबल्याच्या बाहीतून काढावा
तसा तो बाहेर घ्यायचा,
थोडा फिरवत, थोडा तोलत, श्वास धरून.

बाबांनी डोळे मिटून अंगठा फिरवला.
एकेक उंचवटा, अंड्याच्या टोकासारखा.
अकराव्यावर थांबले.
"हा गेला."
म्हणजे तो टकटक आवाज, चढावर लागणारी धाप,
सगळं ह्या एका चपट्या जागेचं.
एकतीस वर्षं खाणीत ड्रिल धरून
त्या अंगठ्यावर स्वतःच्या रेषा उरलेल्या नाहीत,
पण दुसऱ्याची झीज त्याला कळते.

नवा काळ्या लेपात माखून आत सरकवला.
दोन चक्रांवरची दोन टिंबं समोरासमोर आणली.
एक दात चुकला तर सगळं मुसळ केरात,
म्हणून तीनदा पाहिलं, चौथ्यांदा बाबांनी.
जुन्या स्क्रूड्रायव्हरची मूठ करवतीने कापली,
सळई ड्रिलला लावून वरच्या भोकातून तेलाचा पंप फिरवला.
ड्रिल एकदम जड झालं, मनगट मुरगळलं.
तेल चढलं.

रात्रीचे साडेअकरा.
पण नवा कॅमशाफ्ट एकदा सुरू केला की मंद होऊ द्यायचा नाही.
दोन हजारांच्या वर, सलग वीस मिनिटं,
नाहीतर पहिल्याच रात्री खाऊन टाकतो स्वतःला.
किल्ली फिरवली.
फुटलेल्या सायलेन्सरने गल्ली उठवली.

चौथ्या मिनिटाला टोइव्हो दारात,
पायजम्यावर पार्का, तोंड उघडं, शब्द ऐकू येत नाहीत.
मी पाय काढू शकत नव्हते.
बाबांनी बोटाने घड्याळ दाखवलं, मग दोन्ही पंजे, दोनदा.
तो बघत राहिला.
मग त्याचे डोळे पुलरवर गेले.
मग तापमानाच्या काट्यावर.
मग तो कोपऱ्यातला टेबलफॅन उचलून
रेडिएटरसमोर धरून उभा राहिला, दोन्ही हातांनी,
बाहेर उणे नऊ असताना.

एक म्हातारा पंखा धरून, एक म्हातारा बॅटरी,
दोघंही इंजिनकडे बघत,
कारण दुसरीकडे कुठे बघायचं होतं.

वीस.
पाय काढला. किल्ली उलटी.
कानात नुसती शीळ.

"सहावा व्हॉल्व्ह जरा वाजतोय," टोइव्हो म्हणाला.
बाबांनी बॅटरी विझवली.
"नवा आहे," ते म्हणाले. "वाजू दे."