पत्र्यातली बंदरं

मी गठ्ठ्यांवर गावं लिहितो.
एकवीस वर्षं झाली, अक्कलकोट रोड, एमआयडीसी.
अक्षरं कापलेला पत्रा धरायचा,
वरून काळ्या शाईचा ब्रश फिरवायचा,
की टॉवेलचा गठ्ठा जेद्दाचा होतो.
समुद्र मी पाहिलेला नाही,
हिप्परग्याचं तळं भरलं की तेवढं बघून येतो.

भिंतीवर खिळे आहेत, प्रत्येक खिळ्याला एक बंदर.
हैफा कधी हातात, कधी खिळ्यावर.
ओडेसा किती दिवस तसाच लटकलाय.
पोर्ट सुदानवर कोळ्यानं विणलंय,
धागा आमच्यापेक्षा बारीक.
लोक पेपर वाचतात. मी खिळे बघतो.

यंदा पक्षाला काय सुचलं कुणास ठाऊक,
म्हणाले, तिकीट कुणाला ते कार्यकर्तेच ठरवतील.
कन्ना चौकाजवळ मंगल कार्यालय घेतलं,
नवरा-नवरीच्या लाल खुर्च्यांवर
दोन इच्छुक बसवले.
मागून कुणीतरी ओरडलं, "पाणी पाच दिवसांआड का येतंय?"
मुंबईचे निरीक्षक म्हणाले, "आधी देशाचं बोलू."

हत्तुरे मालक उठले. आवाज भरदार.
"शेजाऱ्याला एकदा धुऊन, पिळून
दोरीवर वाळत घालतो की नाही बघा!"
शिट्ट्या. पंखे पण जोरात फिरल्यासारखे वाटले.
मी मनात म्हटलं, मालक,
कच्चा रंग धुतला की आपल्याच पांढऱ्याला लागतो,
हे तुम्हाला कुणी सांगायचं?

मग येमूल वकीलबाई. चष्मा पुसला, बराच वेळ.
"माझ्याकडे बांधाचा एक दावा आहे,
एकोणीस वर्षं चाललाय.
दोघेही पक्षकार मला शिव्या देतात.
दोघेही जिवंत आहेत.
परराष्ट्र धोरण म्हणून मला एवढंच कळतं."
एकजण हसला. टाळ्या दोन-चार,
त्यातली एक माझी, उशिरा वाजलेली.

घरी सायकल मारता मारता हिशेब घातला:
हत्तुरेंचे कंटेनर आखातात जातात,
लढाई लागली तर पहिले तेच बुडणार.
वकीलबाईंच्या भावाकडे गणवेशांची शिलाई,
गेल्या साली तणाव वाढला तेव्हा
दोन पाळ्या चालू होत्या.
म्हणजे दोघं आपापल्या खिशाविरुद्ध बोलली?
असं जुळवलं की आपण फार शहाणे वाटतो.
पण हत्तुरेंचा पुतण्या पुंछला आहे,
आणि मालक फोन उशाला घेऊन झोपतात,
तो सगळा हिशेब कुठल्या रकान्यात टाकू?

एक राहिलं. सभेत मी पण उभा राहिलो होतो.
"मी राजमल्लू कनकी, मार्किंगवाला.
ओडेसाचा पत्रा खिळ्यावरनं कधी काढू, तेवढं सांगा."
हत्तुरे म्हणाले, "तुम्ही कुठल्या वॉर्डाचे?"
वकीलबाईंनी वहीत लिहून घेतलं.
उत्तर तिनंही दिलं नाही.

बायको सुपात विड्या मोजत होती.
"कोण बरं बोललं?"
"एक चांगलं ओरडला, एकीनं चांगलं ऐकलं."
"मग मत?"
तिला सांगितलं. तुम्हाला नाही सांगत.

आठ दिवसांनी मुंबईहून यादी आली.
नाव तिसऱ्याचंच.
त्या माणसानं लढाईवर आजवर
एक शब्द काढलेला नाही. पाण्यावरही नाही.
चिठ्ठ्यांची पेटी कार्यालयातच राहिली म्हणे,
पुढच्या लग्नात कुणी आहेर टाकला असेल तिच्यात.

सोमवारी ओडेसा खाली काढला.
'डी'च्या पोटात गंज चढला होता,
भोक बुजत आलं होतं.
रॉकेल लावून जुन्या टॉवेलानं घासत बसलो.
शेठ दारातून म्हणाले, "ऑर्डर आली काय रे?"
म्हटलं, "नाही."
आणि तो परत खिळ्याला लावला.